न घडलेल्या मृत्यूचे चित्रण

आरोग्यसेविकांच्या कार्याचा परिणाम चित्रपटाच्या द्वारे लोकांसमोर मांडावा, हा विचार सरकारी कचेऱ्यांत व देणगीदार संस्थांत आता चांगलाच रुळला आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु त्यातील मूळ अडचणीकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पडद्याला घटना हवी असते, आणि आरोग्यसेविकेचे यश म्हणजे एक घटना न घडणे. मूल दगावले नाही, याचे चित्र काढावयाचे कसे?

कोरपना तालुक्याचेच पाहा. एका अंगास गडचांदूर-आवारपूरची सिमेंटची धुराडी, दुसऱ्या अंगास माणिकगडच्या पहाडाकडील कोलामांचे गुडे. छायाचित्रकारास देखाव्यांची वाण नाही. पण गुड्यातील झोपडीत शिरलेली आशा स्वयंसेविका तेथे करते काय? अर्भकाचे वजन घेते, ताप पाहते, श्वास मोजते. मिनिटास ६० वा अधिक श्वास म्हणजे धोका, हे तिला शिकविलेले असते. वर्गातील मुलांना एक मिनिट स्तब्ध बसविण्याचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला मिनिट केवढे मोठे असते हे ठाऊक आहे. घरी जन्मलेल्या मुलाकडे बेचाळीस दिवसांत अशा सात फेऱ्या, दवाखान्यात जन्मलेल्याकडे सहा. यात नाट्य कसलेही नाही.

तरीही याच साध्या कामाने काय साधते, ते शेजारच्या गडचिरोलीने दाखविले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत तेथल्याच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची घरोघर देखभाल सुरू केली. 'लॅन्सेट'ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांप्रमाणे, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुरावा आहे तो या तुलनेत. एका गोजिरवाण्या बालकाच्या हसऱ्या चेहऱ्यात नव्हे. शिवाय त्या स्त्रिया जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकास इंजेक्शनही देत. २०११ मध्ये ही पद्धत देशभर आशांकडे आली, तेव्हा फेऱ्या आल्या. इंजेक्शन सामान्यतः आले नाही. म्हणून श्वास मोजून झाल्यावर दवाखान्यापर्यंतची वाट उरते. चित्रपटाने ती वाटही मोजावी.

२०१४ मध्ये नाना पाटेकरांच्या भूमिकेने डॉ. प्रकाश आमटे यांचे हेमलकशातील कार्य थेट चित्रगृहांत पोहोचले, हे चांगलेच झाले. पण आपल्या पडद्याला नायक लागतो, आणि तो बहुधा डॉक्टर असतो. आशेचे चित्र काढावयाचे ठरलेच, तर तिला लगेच देवी करण्यात येते. देवीस पगार लागत नाही, ही यातील सोय! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, आणि २०२४ च्या आरंभी त्यांना पुन्हा संप करावा लागला. जो चित्रपट तिची पायपीट दाखवील पण मानधनाचा हिशेब दाखविणार नाही, तो सत्कारसमारंभाच्या पंक्तीत बसेल.

आमची सूचना एवढीच, की श्वास मोजण्याचे ते मिनिट पडद्यावर अखंड, संगीताविना दाखवावे. भाषा कोलामी वा गोंडी असावी. बाळंतिणीच्या खोलीत यंत्र नेण्यापूर्वी तिची संमती घ्यावी. सेविका पोहोचूनही जेथे मूल वाचले नाही, ते घरही, आईबापांची हरकत नसल्यास, वगळू नये. पहिला खेळ गुड्यात व्हावा. दुसरा जिल्हा परिषदेत, अंदाजपत्रकाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी.