पहिल्या वीस खेळ्या

संगणकावरचा खेळ म्हटला की धडाधड गोळ्या झाडणारी मुले डोळ्यांपुढे येतात. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी 1991 साली आणलेला ‘सिव्हिलायझेशन’ मात्र बुद्धिबळाच्या जातकुळीतला. आपली खेळी होईपर्यंत जग थांबून राहते. काळ इसवी सनापूर्वी 4000 वर्षांचा, हाताशी वस्ती वसवणारी तुकडी आणि भोवती अंधारात दडलेला नकाशा.

या मालिकेचा 2005 साली आलेला चौथा भाग काही मंडळी भागीदारीत खेळतात. राज्य एकच, राजे चार-पाच! पहिल्याने साधारण वीस खेळ्या खेळायच्या आणि डाव साठवून दुसऱ्याच्या हवाली करायचा. मग प्रत्येकाने दहा-दहा. सुरुवातीला एका खेळीत 40 वर्षे सरतात. म्हणजे पहिला गडी 800 वर्षांचा कारभार करून उठतो आणि त्याच्या चुका निस्तरतात मागून येणारे.

पहिला प्रश्न राजधानीचा. एकदा वसवलेले शहर हलवता येत नाही. नदीकाठी प्रजेचे आरोग्य चांगले राहते, टेकडीवर बचाव 25 टक्क्यांनी वाढतो. त्यासाठी एखादी खेळी पुढे सरकणे परवडते. आणखी चांगल्या जागेच्या शोधात पाच-सहा खेळ्या भटकणारा मात्र सगळ्यांनाच मागे टाकतो.

मग शहरात आधी काय घडवायचे? नवख्याला हटकून एखादी भव्य वास्तू खुणावते. ती दुसऱ्या राज्याने आधी पुरी केली, तर हाती थोडेफार सोने तेवढे उरते. जाणते गडी बहुधा मजुरापासून सुरुवात करतात. त्याला सुमारे पंधरा खेळ्या लागतात, तोवर शहराची वाढ खुंटते आणि पहिल्या गड्याला दाखवण्याजोगे काही उरत नाही. शेते पिकतात ती दुसऱ्याच्या कारकिर्दीत. (भारताची बाजू घेतली तर मजूर इतरांहून चपळ मिळतात, हे जाता जाता.)

खरी मेख आहे ती काशाच्या विद्येत. ती शिकल्याशिवाय नकाशावर तांबे दिसतच नाही. ती मागे ठेवली, तर दुसरे शहर अंदाजाने वसते आणि तांबे नेमके त्याच्या हद्दीबाहेर निघते. मग रानटी टोळ्या आल्या की कुऱ्हाडवाले सैनिक आणायचे कुठून? याच विद्येने जंगलही तोडता येते आणि कामाला भराभर वेग येतो. पण शहराजवळची झाडे आरोग्य राखतात. पहिल्याने सगळीच तोडली, तर चौथ्याच्या वाट्याला गजबजलेले, आजारी शहर येते.

म्हणून डाव सोपवताना चार ओळींची चिठ्ठी जोडण्याची चाल आहे. मजूर कुठवर आला, तांबे कुठे सापडले, कोणते जंगल मुद्दाम राखले. दुसरा गडी ती वाचतो, नकाशा उघडतो आणि पुष्कळदा पहिल्याच खेळीला ते राखलेले जंगल तोडायला मजूर धाडतो.