सिस्टर, पेशंट वगळून बोला

27 मार्च 2020 च्या संध्याकाळी पुण्याच्या नायडू रुग्णालयातल्या सिस्टर छाया जगताप यांना पंतप्रधानांचा फोन आला. सुरुवातीची विचारपूस मराठीतून झाली. त्या संभाषणाची क्लिप मग आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर वाजली. सिस्टर वॉर्डाबद्दल बोलल्या, घाबरून आलेल्या माणसांना धीर कसा देतो ते बोलल्या, पण पेशंट कोण आणि कुठला याची वाच्यता नाही. त्याच महिन्यात पहिल्या कोरोनाबाधितांची नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर बिनधास्त फिरत होती आणि ती फिरवू नका म्हणून प्रशासनाला सारखं बजावावं लागत होतं.

या स्तंभात एरवी कारखान्यांतल्या पाळ्यांबद्दल लिहितो. पण भोसरी-चाकण पट्ट्यातली पाळी बिनसली की तिचा शेवट रुग्णालयात होतो, आणि तिथे पहिली गाठ सिस्टरशी पडते. तिच्या हातातल्या मोबाईलचं काय करायचं, हा प्रश्न म्हणून आपलाही आहे.

सरकारने त्यावर एक उत्तर दिलं आहे. सामान्य प्रशासन विभागाने 28 जुलै 2025 ला समाजमाध्यमांबाबत सूचना काढल्या. त्या स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू आहेत, कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही. म्हणजे पिंपरीच्या वायसीएम या महापालिकेच्या रुग्णालयातली सिस्टर त्यात आलीच. सरकारी धोरणावर टीका नको, गोपनीय कागद अपलोड नको, आणि प्रोफाइल फोटो सोडला तर वैयक्तिक खात्यावर पदनाम, गणवेश, सरकारी इमारत यांपैकी काही नको. वाचून वाटतं की सारी काळजी शासनाच्या अब्रूची आहे. वॉर्डातल्या पेशंटची अब्रू त्या ‘गोपनीय’ शब्दात कुठेतरी शोधावी लागते. डॉक्टरांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये सोशल मीडियाचे नियम आणले, तर त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या 2021 च्या आचारसंहितेत सोशल मीडियाचा उल्लेख आहे. पण नाइटला दोन वॉर्ड सांभाळणारी सिस्टर ती कधी वाचणार?

खरी गडबड रीलमध्ये नसतेच. रील दिसतं, म्हणून त्यावर नोटीस निघते. कामाच्या ग्रुपवर काय चालतं ते बघा. रात्री तीनला प्रेस शॉपमधला पोरगा आणतात, दोन बोटं गेलेली. ऑन कॉल हाडांच्या डॉक्टरांना हाताचा आणि एक्स-रेचा फोटो पाठवावाच लागतो. त्यात गैर काही नाही. पण तोच फोटो पुढे ‘नाइट टीम’ ग्रुपवर जातो, दोन रडक्या इमोजींसकट. कुणीतरी एक्स-रेवरचं नाव बोटाने झाकलेलं असतं, म्हणजे काळजी घेतली. कोपऱ्यात शर्टाचा खिसा आणि खिशावर कंपनीचं चिन्ह दिसतंय, त्याचं काय? काल रात्री, चाकण, दोन बोटं, हा शर्ट. पहिल्या पाळीला गेटवर अख्ख्या कंपनीला कळतं. मशीनचा सेन्सर बंद होता की पोराचं लक्ष नव्हतं, हा वाद ईएसआयचे कागद व्हायच्या आधी ठेकेदाराच्या मोबाईलवर सुरू झालेला असतो. आणि बीडला त्याच्या आईला फोन जायच्या आधी फोटो गेलेला असतो.

म्हणून नाव झाकणं पुरेसं नाही. डॉक्टरांना जखम पाठवा. चेहरा, शर्ट, केसपेपर कशाला? काम झालं की फोटो काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो आपोआप गॅलरीत उतरतात ती सोय बंद करा. घरी गेल्यावर तो मोबाईल पोरांच्या हातात असतो, हे मी सिस्टरांना सांगायला नको.

डिस्चार्जच्या वेळच्या सेल्फीचंही तसंच. ‘पेशंटनेच परवानगी दिली’ असं म्हणतात. ज्या बाईच्या हातात आपलं सलाईन आहे तिला नाही कोण म्हणेल? घरी गेल्यावर, चार दिवसांनी विचारा. तेव्हा हो म्हणाला तर खरं.

उलटाही प्रकार घडतो. नातेवाईक व्हिडिओ काढतात, ‘सिस्टर लक्ष देत नाहीत’ म्हणून टाकतात, आणि चाळीस पेशंटांमागे दोघी जणी होत्या हे त्या व्हिडिओत मावत नाही. अंगावर हात टाकला तर 2010 चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा आहे. बदनामीच्या व्हिडिओसमोर तो फारसा कामाचा नाही. राग येणारच. तरी कॉमेंटमध्ये ‘पेशंट दारू पिऊन आला होता’ असं लिहिलं की बाजू सिस्टरची असूनही चूक तिची होते. त्याला उत्तर वैद्यकीय अधीक्षकांनी द्यावं, आणि लगेच द्यावं. बहुतेक ठिकाणी ते गप्प बसतात आणि सिस्टर एकटी पडते, हे मला जास्त खुपतं.

मग सिस्टरने तोंड बंदच ठेवायचं का? मुळीच नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे पेशंट वाढले तेव्हा चिकनबद्दलच्या अफवा कुणाच्या तोंडून पसरल्या आणि पाणी उकळून प्या हे सांगायला कोण पुढे आलं, आठवून पाहा. लोक सिस्टरचं ऐकतात. तिच्या भाषेत औषधाच्या गोळीइतकी नेमकी माहिती असते आणि ती घाबरवत नाही.

कापलेल्या बोटाचंच घ्या. ते अजूनही थेट बर्फात घालून आणतात, त्यात पेशी गोठून मरतात आणि जोडता येण्याजोगं बोट वाया जातं. स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. हात उंच धरायचा, जखमेवर दाब द्यायचा आणि पेशंटबरोबर पिशवीही आणायची. एका मिनिटाचा व्हिडिओ आहे हा. त्यात एकही पेशंट लागत नाही, गाजराचा तुकडा पुरतो.

गणवेश घालून हे सांगायला परवानगी लागेल, तर महापालिकेच्या वैद्यकीय विभागाने ती द्यावी. रुग्णालयाच्या अधिकृत खात्यावर वायसीएमच्या, भोसरीच्या चार-पाच सिस्टरांना बोलू द्यावं, ड्यूटीचा वेळ धरून. सुट्टीच्या दिवशी फुकटात नव्हे. पहिला व्हिडिओ बोटाचा करा, मराठीत आणि हिंदीतही. प्रेसवर उभा असलेला पोरगा लातूरचा असेल तसा बिहारचाही असतो.