भ्रमणध्वनि, गर्दी आणि आमची गच्ची

आमच्या मिरारोडच्या गृहसंस्थेंत तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. त्यांचा मुलगा नागपुरास नोकरीला आहे. रोज रात्रीं नऊच्या सुमारास तो स्मार्टफोनवर व्हिडिओ कॉल करून मातोश्रींशीं बोलतो. परंतु दोन वाक्यें होतात न होतात तोंच चित्र गोठतें, आवाज तुटतो, आणि बाई हातांतील यंत्राकडे पाहात बसतात. "गुरुजी, रेंजच्या कांड्या तर पुऱ्या दिसतात, मग बोलणें कां हो तुटतें?" असें त्यांनीं आम्हांस मध्यंतरीं विचारिलें. जन्मभर मुलांच्या प्रश्नांस उत्तरें दिल्यावर ह्या प्रश्नापुढें गप्प बसणें आम्हांस प्रशस्त वाटेना. म्हणून जो थोडाबहुत अभ्यास केला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

कांड्यांवरून इतकेंच कळतें कीं, टॉवरचा आवाज आपल्या यंत्रास किती स्पष्ट ऐकूं येतो. त्याच टॉवरशीं त्याच क्षणीं आणखी किती जण बोलत आहेत, हें त्यांवरून कळत नाहीं. विरार गाडी फलाटावर अगदीं समोर उभी असावी, पण आंत पाय ठेवण्यास जागा नसावी, तसाच हा प्रकार. लहरींच्या एका पट्ट्यावरून क्षणाला किती मजकूर वाहून नेतां येईल ह्यास मर्यादा आहे. ती पट्ट्याची रुंदी आणि आवाजाची स्पष्टता ह्यांवर अवलंबून असते, हें क्लॉड शॅनन ह्यांनीं १९४८ सालींच गणितानें दाखविलें. जें कांहीं मिळतें तें टॉवरखालील सर्वांत वांटलें जातें. आणि आमच्या गांवची वस्ती पाहा ! एके काळीं मिठागरें व भातशेतें ह्यांचा हा मुलूख. २०११ च्या शिरगणतींत मिरा-भाईंदर शहरांत आठ लक्षांहून अधिक माणसें मोजलीं गेलीं. त्यांतील नोकरदार मंडळी रात्रीं घरीं परततात, जेवणें आटोपतात, आणि एकाच वेळीं क्रिकेट व मालिका पाहावयास बसतात.

ह्या गर्दीवर अभियंत्यांनीं मुख्यतः तीन उपाय योजिले आहेत. पहिला उपाय डबे वाढविण्याचा. पश्चिम रेल्वेनें बारा डब्यांच्या कांहीं गाड्या पंधरा डब्यांच्या केल्या, त्याप्रमाणें कंपन्या सरकारी लिलावांत लहरींचे अधिक रुंद पट्टे विकत घेतात. चौथ्या पिढींतील एका वाहिनीची रुंदी फार तर २० मेगाहर्ट्झ असते. २०२२ च्या ऑक्टोबरांत आपल्या देशीं सुरू झालेल्या पांचव्या पिढींत ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढील पट्ट्यांत ती १०० पर्यंत असूं शकते. दुसरा उपाय नेम धरण्याचा. जुना टॉवर आपली शक्ति समोरच्या साऱ्या भागावर सारखी उधळतो. नव्या फळीवर अनेक लहान अँटेना एकत्र बसविलेल्या असल्यामुळें ती एकाच लहरीवर निरनिराळ्या माणसांकडे निरनिराळे झोत एकाच वेळीं पाठवूं शकते.

तिसरा उपाय सर्वांत जुना, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. वेदान्तांत घटाकाशाचा दृष्टान्त आहे : आकाश एकच, परंतु घटांच्या योगानें तें निरनिराळें भासतें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९४७ सालीं अशीच कल्पना बिनतारी लहरींच्या बाबतींत निघाली. प्रदेशाचे लहान लहान घट पाडावे, प्रत्येकांत कमी शक्तीचें एक केंद्र ठेवावें, म्हणजे तीच लहर थोड्या अंतरावर पुनः वापरतां येते. घट जितके लहान, तितके एकेका केंद्राचे वांटेकरी कमी. शिवाय उच्च कंपनसंख्येच्या लहरी सिमेंटच्या भिंतींतून फारशा आंत शिरत नाहींत. म्हणूनच हीं लहान यंत्रें खांबांवर, स्थानकांत व गच्च्यांवर, म्हणजे माणसांच्या अगदीं जवळ, बसवावीं लागतात.

येथें आम्हांस आपली एक चूक कबूल करणें भाग आहे. तीन वर्षांपूर्वीं एका कंपनीनें आमच्या गच्चीवर असें केंद्र बसविण्याची परवानगी मागितली होती. किरणोत्सर्गाच्या भीतीनें सभेनें ती नाकारली, आणि नकारासाठीं हात वर करणारांत आम्हीही होतों ! वास्तविक, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०११ सालीं ह्या लहरी 'कदाचित् कर्करोगकारक' ह्या वर्गांत घातल्या, तें पुरावा तोकडा असल्यामुळें. निश्चित अपाय सिद्ध झाला म्हणून नव्हे. पुढें १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या सरकारनें टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. उलट, टॉवर दूर असला कीं कानाशीं धरलेल्या यंत्रासच मोठ्यानें ओरडावें लागतें. म्हणजे जी गोष्ट टाळावयाची म्हणून आम्ही हात वर केला, तीच आम्ही कानाशीं वाढवून घेतली.

गच्चीच्या मजबुतीचा प्रश्न मात्र खरा आहे. वजन पेलेल असा अभियंत्याचा दाखला घेतल्यावांचून कोणीही परवानगी देऊं नये. तसा दाखला मिळाल्यास येत्या वार्षिक सभेंत तो विषय पुनः मांडण्याचें आम्हीं ठरविलें आहे. रेंज सर्वांस हवी, पण केंद्र शेजारच्या गच्चीवर हवें, हा न्याय चालावयाचा नाहीं.

तोंवर गृहिणींनीं व गृहस्थांनीं इतकें अवश्य करावें. घरांत तारेनें येणारें इंटरनेट असेल, तर चित्रपट-मालिका त्यावरच पाहाव्या. तेवढी टॉवरवरील जागा शेजाऱ्यास मोकळी होते. महत्त्वाचें बोलणें असेल तेव्हां व्हिडिओ कॉलच्या नादीं न लागतां साधा कॉल लावावा. चौथ्या पिढीपासून अशा साध्या कॉलचा आवाजही मजकुराच्या रूपानेंच जातो, परंतु त्यास इतरांच्या आधीं वाट दिली जाते. व्हिडिओ कॉल मात्र क्रिकेटच्या रांगेंतच उभा राहतो. संकटसमयीं ११२ हा क्रमांक लावावा, हें घरांतील मुलांसही शिकवून ठेवावें.

तिसऱ्या मजल्यावरील बाईंस आम्हीं हेंच सांगितलें. हल्लीं त्यांचा मुलगा नऊ वाजतां साधा कॉल करतो. "चेहरा दिसत नाहीं, गुरुजी, पण बोलणें पुरें होतें," असें त्या म्हणाल्या. चेहराही दिसावा, एवढ्यासाठीं तरी येत्या सभेंत आमचा हात ह्या खेपेस दुसऱ्या बाजूनें वर होईल.