नकाशावरची रेष आणि आपली वस्ती



"रस्ता रुंद होणार" ही बातमी वस्तीत आली की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, होऊ द्या, सुधारणा आहे. दुसरा म्हणतो, आपली घरे जाणार. विहाराच्या ओट्यावर रात्री बारापर्यंत वाद रंगतो. पण महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन नकाशा पाहून येणारा माणूस दोन्ही तटांत सापडत नाही. रेष कुणाच्या दारातून जाते हे बुलडोझर आल्यावर कळते. ती रेष मात्र त्याच्या कितीतरी वर्षे आधी कागदावर ओढलेली असते.

रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांचे नाते आपल्या लोकांनी समजून घेतले पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये शासनाने मुंबई व काही मोजके भाग वगळून साऱ्या महाराष्ट्रासाठी बांधकामाची एकच नियमावली आणली. तिच्यात गावठाणाबाहेरच्या भागासाठी मूळ चटईक्षेत्र 1.10 धरले आहे. म्हणजे हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर अकराशे चौरस फूट बांधकाम. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 30 फुटांपेक्षा अरुंद असेल तर गाडी तिथेच थांबते. रस्ता 9 मीटरचा झाला की सरकारला पैसे भरून आणि टीडीआर विकत घेऊन तेच बांधकाम दोन हजार फुटांपर्यंत नेता येते. रस्ता जितका रुंद तितके मजले जास्त.

आता हिशेब करा. रस्ता रुंद झाला की ज्याच्या नावावर उतारा आहे त्याची जमीन बसल्या जागी महाग होते. ज्याच्याकडे फक्त घरपट्टीची पावती आहे त्याची पुढची खोली जाते. रस्ता एकच, पण एकाच्या पदरात माप पडते आणि दुसऱ्याचे छप्पर उडते. आमचा विरोध रस्त्याला नाही. अॅम्ब्युलन्स आत येत नाही अशा बोळात आपली माणसे दगावली आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. आमचा प्रश्न एवढाच, की मापे ठरताना आपण कुठे होतो?

महाडचे चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 सालीच केला होता. तीन वर्षे तो दप्तरात पडून राहिला. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्या कागदात जीव आला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव रद्दही केला! सभागृहात काय लिहिले जाते आणि काय खोडले जाते याकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचे असते. भाषणात महाड सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत; नगरपालिकेच्या ठरावाची ही गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही.

नगरच्या महापालिकेत डिसेंबर 2023 च्या अखेरीपासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते. दोन वर्षे प्रशासकाचा कारभार. आता नगरसेवक आहेत. मते मागायला ते वस्तीत आले होते, तेव्हा आता आपण त्यांच्याकडे जावे. एक प्रश्न जरूर विचारावा: सावेडी, केडगाव, बोल्हेगावकडे मजल्यांवर मजले चढणार असतील तर तिथल्या माणसांनी कामावर जायचे कशाने?

पुणे रस्त्यावर सक्कर चौकापासूनचा सुमारे तीन किलोमीटरचा उड्डाणपूल नोव्हेंबर 2022 मध्ये खुला झाला. मोटारवाल्यांची सोय झाली, चांगले झाले. पण नागापूरच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार अजून शेअर रिक्षात एका मांडीवर बसून जातो. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे; शहरी बसला मात्र ती सवलत लागू नाही. म्हणजे पाथर्डीला माहेरी जाणाऱ्या बहिणीला अर्धे भाडे, आणि रोज सावेडीला धुणीभांडी करायला जाणाऱ्या बहिणीला रिक्षाचे पूर्ण भाडे. तिच्या महिन्याच्या कमाईतून रिक्षाचे पैसे वजा करून पाहा. वाहनांपेक्षा माणसे हलवण्याला महत्त्व द्यावे, असे केंद्राचे 2006 चे नागरी वाहतूक धोरण सांगते. आमच्या मते जिथे वाढीव मजल्यांना परवानगी, तिथे बसचा थांबा आणि फेरी आधी ठरली पाहिजे.

हे सारे मांडायची जागा कायद्याने दिलेली आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले तज्ज्ञ यांच्यापुढे सुनावणी होते. मंजूर आराखड्यात पुढे किरकोळ फेरबदल करायचा तरी कलम 37 खाली नोटीस काढावी लागते. या नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येतात. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलीकडे ते पान वाचायचे काम सोपवा. ती आपल्यापेक्षा नेटाने वाचेल.

आम्ही कारकुनीत आयुष्य काढले म्हणून दोन गोष्टी सांगतो. शंभर सह्यांचे एक निवेदन दिले की आवक रजिस्टरात नोंद एकच पडते. शंभर घरांनी शंभर अर्ज द्यावेत. अर्जात घर क्रमांक, राहते वर्ष, रेष घराच्या कोणत्या बाजूने जाते आणि ती कुठून नेता येईल हे लिहावे. वस्ती झोपडपट्टीत मोडत असेल तर 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा जोडावा. जुनी मतदार यादी, रेशनकार्ड, वीजबिल, जे असेल ते. मूळ कागद कुणालाही देऊ नये, आपल्या कार्यकर्त्यालासुद्धा नाही.

आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. "साहेब जेवायला गेलेत" असे सांगतील. साहेब येईपर्यंत तिथल्याच बाकावर बसावे.