अन्ननलिकेतील स्टेंट आणि ॲसिडिटी : गोळीइतकाच पलंगही महत्त्वाचा

अन्ननलिकेच्या कर्करोगामुळे घास उतरेनासा झाला, की अनेकदा एंडोस्कोपीने आत धातूच्या जाळीची नळी बसवतात. हाच स्टेंट. तो गाठ बरी करत नाही, फक्त वाट मोकळी ठेवतो. घोटभर पाण्यालाही पारखा झालेला माणूस थोड्याच दिवसांत पेज, वरण घेऊ लागतो आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. त्रास सुरू होतो तो रात्री. छातीत जळजळ, तोंडाशी आंबट पाणी, झोपेत ठसका.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती अन्न खाली जाऊ देते, वर येऊ देत नाही. गाठ नेमकी याच जोडावर असेल, तर स्टेंटचं खालचं टोक झडप ओलांडून जठरात जातं आणि झडप मिटतच नाही. म्हणून घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, "स्टेंट झडपेच्या पलीकडे गेला आहे का?" गाठ वरच्या भागात असेल तर हा त्रास सहसा कमी असतो.

आता माझं मत. आम्ही डॉक्टर पॅन्टोप्राझोल लिहून मोकळे होतो. गोळी हवीच; रोज, जळजळ नसली तरी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. (गिळताना भीती वाटते म्हणून ती कुटून देऊ नका, तिचं आवरण तुटलं की जठरातल्या आम्लातच ती निकामी होते. दुसरा प्रकार लिहून मागा.) पण गोळी आम्ल कमी करते, वर येणारं अडवत नाही. रुग्ण आडवा झाला की पोटातलं दूध, वरण, पित्त घशापर्यंत येतं आणि श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो. आधीच खंगलेल्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो. डिस्चार्जच्या कागदावर काय खावं हे असतं, कसं झोपावं हे क्वचितच असतं. ही आमची चूक आहे.

पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवा. सहा इंच उंची मिळते. पलंग हलत नाही ना, हे आधी पाहा. नुसत्या दोन-तीन उशा घेतल्या तर मान वाकते, पोट दाबलं जातं आणि त्रास वाढतो. पलंग पेटीचा असेल किंवा रुग्ण खाली झोपत असेल, तर कमरेपासून वर गादीखाली घड्या घातलेल्या गोधड्या सरकवून उतार करा. डाव्या कुशीवर झोपणं बरं.

जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तास जाऊ द्या. इथेच घरची माया आडवी येते. "दिवसभर काही खाल्लं नाही हो त्यांनी," म्हणत रात्री दहा वाजता पेलाभर दूध पाजलं जातं. तेच दूध संध्याकाळी सहाला द्या. एकदम ताटभर नको. दिवसातून पाच-सहा वेळा वाटी-वाटी, बसवून, सावकाश, आणि शेवटी कोमट पाण्याचे घोट, म्हणजे जाळीही स्वच्छ राहते. कोरडी भाकरी, पोळीचे तुकडे, मटणाचे तुकडे आणि दोरे असलेल्या पालेभाज्या अडकतात. पोट आवळणारी नाडी सैल करा.

उलटं येऊ न देणारी झडप बसवलेले स्टेंटही मिळतात. पण अभ्यासांत त्यांचा फायदा सरसकट दिसलेला नाही. तो बसवला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

ताप, वाढता खोकला, धाप, रक्ताची उलटी, काळं शौच, छातीत असह्य दुखणं किंवा पुन्हा पाणीही न उतरणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात जा.

आणि डिस्चार्ज उद्या असेल, तर विटा आजच आणून ठेवायला घरी फोन करा.