कायमचा पत्ता

आमच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी सभासदांना घरबसल्या बघता यावी म्हणून एका माजी विद्यार्थ्याने तिथल्याच संगणकावर सोय करून दिली होती. इंटरनेट कंपनीने जादा पैसे घेऊन 'कायमचा' आयपी पत्ता दिला. टिंबांनी जोडलेल्या त्या चार संख्या मी फलकावर लिहिल्या, रबरी शिक्का करवून सभासदांच्या कार्डांवरही उमटवल्या. गेल्या वर्षी स्वस्त पडते म्हणून कंपनी बदलली, आणि पत्ता गेला! घराबाहेर न पडू शकणाऱ्या एका आजोबांचा फोन आला, "वाचनालय बंद पडलं का हो?"

मला रागच आला. मोबाईलचा क्रमांक २०११ पासून देशभर कंपनी बदलली तरी आपलाच राहतो, मग हा का नाही? विद्यार्थी म्हणाला, "बाई, हा फोन नंबर नव्हे, पिनकोड समजा." साताऱ्याहून नागपूरला बिऱ्हाड हलवले तर ४१५ ने सुरू होणारा पिन बरोबर नेता येईल का? टपाल जसे पहिल्या आकड्यांवरून त्या भागाकडे जाते, तशी इंटरनेटवरची माहिती पत्त्याचा पुढचा भाग बघून त्या कंपनीकडे जाते. प्रत्येकाने पत्ता बरोबर न्यायचा म्हटला तर जगभरच्या राउटरांना घरोघरची वेगळी नोंद ठेवावी लागेल. मोठ्या संस्था स्वतःच्या नावावर पत्ते घेतात, पण २५६ पेक्षा लहान गठ्ठ्याची वाट इतर कंपन्या सहसा नोंदवूनच घेत नाहीत. शिवाय या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला.

हे पटले. चूक आमचीच. नाव लावायच्या जागी आम्ही आकडा लावला. वाचनालयाच्या नावाचे डोमेन घेतले असते तर मागचा आकडा बदलूनही नाव तेच राहिले असते. असो, आता घेतले आहे.

पण कंपनीवरची माझी तक्रार कायम आहे. घर बदलले तर पोस्टात अर्ज देऊन पत्रे नव्या पत्त्यावर वळवता येतात. इथे कनेक्शन तोडले त्या दिवशीच सगळे बंद. महिनाभर 'हे इथून हलले आहेत' एवढी पाटी ठेवायला काय हरकत होती? निदान अर्जावर ठळक मराठीत लिहा की पत्ता भाड्याचा आहे. 'कायमचा' म्हणून पैसे कसले घेता?

अजून साठेक कार्डांवर जुनाच शिक्का आहे. रोज दुपारी खोडत बसते.