आठवीचा पट, दहावीचा निकाल

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर गावोगावच्या माध्यमिक शाळांची प्रवेशद्वारे फलकांनी भरून जातात. पहिल्या तिघांची छायाचित्रे, त्याखाली टक्के, त्याखाली संस्थाचालकांचे आणि मुख्याध्यापकांचे अभिनंदन. तालुक्याच्या पानावर ठरलेली बातमी येते : विद्यालयाचा शंभर टक्के निकाल, यशाची परंपरा कायम. १३ मे २०२५ रोजी जाहीर झालेल्या निकालात साडेसात हजारांहून अधिक शाळांना असा फलक लावता आला. राज्यभरातून नियमित विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसलेल्या १५ लाख ४६ हजार ५७९ मुलामुलींपैकी १४ लाख ५५ हजार ४३३ उत्तीर्ण झाले, टक्केवारी ९४.१० आली. या यशाचे मनापासून अभिनंदन करायला हवे आणि आम्ही ते करतो. मात्र, ज्या आकड्यावर शाळेचे मोठेपण ठरते तो आकडा अर्धाच आहे, हेही याच वेळी सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आधी या यशाकडे नीट पाहू. माध्यमिक शाळेचे यश दहावीच्या टक्क्यांपुरते कधीच नसते. वर्षभरात शाळेच्या सूचनाफलकावर कितीतरी नावे लागतात. आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत, म्हणजे एनएमएमएसमध्ये, आठवीचा विद्यार्थी निवडला गेला तर नववी ते बारावी त्याला वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. शेतमजुराच्या घरात ही रक्कम मुलीचे शिक्षण पुढे चालू ठेवण्याला पुरते. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीची मुले पाठ्यपुस्तकाबाहेरचे विज्ञान वाचू लागतात. इन्स्पायर मानक योजनेत एखाद्या मुलाची कल्पना निवडली गेली की प्रतिकृती तयार करण्यासाठी १० हजार रुपये थेट त्याच्या खात्यात येतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा, तालुका विज्ञान प्रदर्शन, शालेय कबड्डी आणि खो-खो, वक्तृत्व : यातले प्रत्येक नाव म्हणजे एका मुलाला स्वतःची ओळख सापडल्याची नोंद असते.

आणि प्रत्येक नावामागे एक शिक्षक असतो. सकाळी शाळा भरण्याच्या आधी जादा तास घेणारा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांना तलाठी कार्यालयाची वाट दाखवणारा, आधार आणि बँक खात्यावरची नावे जुळत नाहीत म्हणून स्वतः मुलाला घेऊन बँकेत जाणारा, अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री संकेतस्थळ सुरू होण्याची वाट पाहत बसणारा. या कामाला भत्ता नाही आणि सेवापुस्तकात त्याची नोंदही नाही. शाळेच्या बातमीत या शिक्षकाचा उल्लेख विद्यार्थ्याइतक्याच ठळकपणे यायला हवा.

आता उरलेल्या अर्ध्या आकड्याकडे येऊ. शंभर टक्के निकाल म्हणजे परीक्षेला बसवलेल्या मुलांचा निकाल. किती बसवली, हे त्यात येत नाही. शिक्षण क्षेत्रातल्या कुणालाही ठाऊक असलेली गोष्ट आहे : काही शाळांमध्ये दहावीचा निकाल नववीतच ठरवला जातो. गणितात आणि इंग्रजीत कच्च्या असलेल्या मुलाच्या पालकांना वर्षअखेरीस बोलावून घेतात. मुलगा दहावीत टिकणार नाही, नववीतच ठेवावा लागेल, त्यापेक्षा दाखला काढून न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, असे सांगतात. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा हा सतरा नंबरचा अर्ज मंडळाने ठेवला तो कामधंदा करणाऱ्यांसाठी, शाळा सुटून गेलेल्यांसाठी, संसारातून वेळ काढून पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्या बायांसाठी. ती एक उत्तम सोय आहे आणि तिच्यामुळे हजारोंना दुसरी संधी मिळाली आहे. पण पंधरा वर्षांच्या, रोज शाळेत येणाऱ्या मुलाच्या हाती तोच अर्ज देणे म्हणजे त्याला वर्गाबाहेर काढणे होय. ज्याला शिकवणीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच शिक्षकाविना परीक्षेला धाडले जाते. त्यातली किती मुले खरोखर परीक्षेला बसतात आणि किती वीटभट्टीवर, गॅरेजमध्ये किंवा हॉटेलात कामाला लागतात, याचा हिशेब शाळेच्या फलकावर कुठेच नसतो.

हे नेमके नववीतच का घडते? कारण कायद्याचा हात तिथे सुटतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटाला, म्हणजे पहिली ते आठवीला, शिक्षणाची हमी दिली. नववीच्या उंबरठ्यावर ती हमी संपते. आठवीपर्यंत मूल शाळेत का आले नाही, हा शासनाला विचारायचा प्रश्न असतो. नववीपासून तो केवळ घरचा प्रश्न होतो. गरिबी, अंतर, लग्न, स्थलांतर यांचा भार मुलाच्या अंगावर पडू लागतो तोही याच वयात. हमीची गरज वाढते तेव्हाच हमी काढून घेतली जाते. माध्यमिक शिक्षणातली ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि तिचा सर्वाधिक फटका मुलींना बसतो.

२०२५ च्या निकालात मुलींचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण ९६.१४ टक्के, तर मुलांचे ९२.३१ टक्के आहे. मुलींनी बाजी मारली हा मथळा आता दरवर्षीचा झाला आहे आणि तो खराही आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीने याच राज्याचे दुसरे चित्र समोर ठेवले : वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के. दोन्ही आकडे एकत्र वाचले की अर्थ कळतो. दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचलेली मुलगी यशस्वी होतेच. तिला तिथपर्यंत पोहोचू द्यायचे की नाही, हा खरा प्रश्न आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलींचे उदाहरण घ्या. तोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दहावीचा अभ्यासक्रम पूर्ण होतो, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा होतात, तेच हे महिने. आई-वडील कोयता घेऊन कारखान्यावर गेले की थोरल्या मुलीने धाकट्यांना सांभाळायला मागे राहायचे किंवा सोबत जायचे, एवढाच पर्याय उरतो. अशा गावातल्या शाळेने चार मुलींना स्थलांतर थांबवून वसतिगृहात ठेवले आणि साठ टक्क्यांनी उत्तीर्ण केले, तर ती बातमी शंभर टक्के गुणांच्या बातमीहून लहान ठरू नये.

शंभर टक्के गुणांचेही असेच. २०२५ मध्ये २११ विद्यार्थ्यांनी पैकीच्या पैकी गुण मिळवले. त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले. या मुलांची मेहनत आणि त्यांच्या शिक्षकांची चिकाटी वादातीत आहे. त्याचबरोबर उत्तम पाच विषय धरण्याची पद्धत आणि कला-क्रीडेचे सवलतीचे गुण यांचाही त्या आकड्यात वाटा असतो, हे पालकांनी लक्षात ठेवावे, म्हणजे ९२ टक्के मिळवलेल्या मुलाला अपयशी ठरवण्याचा अविचार घरात होणार नाही. विभागांच्या तुलनेलाही हाच नियम लावावा. कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांसह पहिला आणि नागपूर ९०.७८ टक्क्यांसह शेवटचा आला. कोकण मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. नागपूर मंडळात गडचिरोलीचे जंगल, पावसाळ्यात तुटणारी गावे आणि घरी गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलेही आहेत. दोघांना एकाच रांगेत उभे करून शाबासकी आणि दूषण वाटणे अन्यायाचे आहे.

परिस्थितीतला असाच एक फरक अंतराचा. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे शाळेसाठी सहा किलोमीटर पायी किंवा धावत जायचा, कारण वाहनाची सोय नव्हती. हाच साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे रौप्य आणि पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. शाळाशाळांत त्याची गोष्ट सांगितली जाते, सांगावीच. पण त्या गोष्टीतून जिद्दीबरोबर अंतरही शिकले पाहिजे. सहा किलोमीटर चालून शाळा गाठता येत नाही म्हणून कितीतरी मुलामुलींचे शिक्षण आठवीनंतर थांबते. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळणाऱ्या सायकली आणि एसटीचा अहिल्याबाई होळकर मोफत पास या योजनांनी जे काम केले आहे, ते कोणत्याही शिकवणी वर्गाने केलेले नाही. शाळेच्या वेळेची एसटी बंद झाली की त्या गावातल्या मुलींची शाळा बंद होते. म्हणून आगारप्रमुखाचा तो निर्णय हा शिक्षणाचाच निर्णय असतो.

मूल शाळेत टिकवणे हेच शाळेचे खरे काम, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज पडू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवायला बसवली. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९४० मध्ये साताऱ्यात मोफत निवासी महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, तेव्हा त्या शाळेची कामगिरी एकाच गोष्टीत मोजली जात होती : ज्याच्या घरात आजवर कुणी हायस्कुलाची पायरी चढले नाही, त्याला शेवटच्या इयत्तेपर्यंत नेणे. कमवा आणि शिका ही योजनाही पैशाअभावी कुणी शाळा सोडू नये म्हणूनच आली. मुलांना शाळेत आणणाऱ्या संस्थांचा वारसा सांगणाऱ्या राज्यात, निकालासाठी मुलांना शाळेतून काढणे हे त्या वारशाशी विसंगत आहे.

शाळांनाच दोष देऊन मात्र हा विषय संपवता येणार नाही. निकाल कमी लागला की खुलासा मागणारे पत्र येते, वेतनवाढ रोखण्याची धमकी ऐकावी लागते, पुढच्या वर्षी पालक मुले दुसऱ्या शाळेत घालतात आणि पट घसरला की पद जाते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकपदे ठरवणाऱ्या संचमान्यतेचे निकष बदलल्यापासून कमी पटाच्या नववी-दहावीच्या वर्गांतील शिक्षकपदांवर टांगती तलवार आहे आणि शिक्षक संघटनांचा विरोध त्यासाठीच आहे. डोंगरातल्या वाडीत किंवा तांड्यावर नववीच्या वर्गात पंधरा मुले असणे हा त्या मुलांचा अपराध नाही. तिथला विज्ञानाचा शिक्षक काढला तर ती मुले दूरच्या मोठ्या शाळेत जातील, हे गृहीतक कागदावरचे आहे. प्रत्यक्षात त्यातली बरीच घरी बसतील. प्रयोगशाळेला परिचर नाही, कार्यालयाला लिपिक नाही, वेतनेतर अनुदान वेळेवर नाही, अशा अवस्थेत कच्च्या मुलाला वर्षभर हाताशी धरून शिकवण्याची अपेक्षा शासनाने कोणत्या तोंडाने करावी?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेने दहावीच्या निकालासोबत आणखी एक आकडा जाहीर करावा : दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर असलेल्या मुलांपैकी किती जण आज दहावी उत्तीर्ण झाले. मुले बदली होऊन जातात, हा आक्षेप योग्य आहे. पण प्रत्येक विद्यार्थ्याची यू-डायस या शासकीय माहितीप्रणालीवर स्वतंत्र क्रमांकासह नोंद असते, त्यामुळे मूल दुसऱ्या शाळेत गेले की शाळेबाहेर पडले, हे शोधता येते. त्यासाठी नवी यंत्रणा नको आणि निधीही नको. या आकड्यावरच शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळेचे मूल्यमापन करावे आणि केवळ निकालाच्या टक्क्यांवरून खुलासे मागणे थांबवावे. नववीतून दाखला घेऊन सतरा नंबरचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकाशी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने बोलावे आणि दाखला कुणाच्या इच्छेने निघाला, हे नोंदवावे. कायद्याची हमी दहावीपर्यंत वाढवण्याचा निर्णय दिल्लीने घ्यायचा आहे. तोवर राज्याने आपल्या अधिकारात मुलामुलींची वसतिगृहे, एसटी आणि शिक्षकपदे यांना कात्री लावू नये.

या निकालात नापास झालेली ९१ हजारांहून अधिक मुलेही शाळांचीच आहेत. २०१५ पासून जुलैमध्येच पुरवणी परीक्षा होऊ लागल्याने त्यांचे वर्ष वाचू शकते. मधल्या काही आठवड्यांत ज्या शाळा या मुलांना बोलावून गणित आणि इंग्रजीचे वर्ग घेतील, त्यांचे नाव आम्ही आनंदाने छापू. संस्थाचालकांनी गुणगौरव समारंभात पहिल्या तिघांच्या शेजारी अशा मुलांनाही बसवावे, जी शिक्षण सोडून गेली होती आणि शिक्षकांनी घरी जाऊन परत आणली. गावातल्या शाळेच्या सत्काराला जाणाऱ्या प्रत्येक पालकाला आणि माजी विद्यार्थ्याला आमची विनंती आहे : टाळ्या जरूर वाजवा आणि नंतर मुख्याध्यापकांना आदराने एवढेच विचारा, की आठवीत किती मुले होती आणि ती आज कुठे आहेत. हा प्रश्न दरवर्षी, प्रत्येक गावात विचारला गेला तर शाळा त्याचे उत्तर तयार ठेवू लागतील आणि एकेका मुलाला सांभाळू लागतील.